उंबराचे फूल



क्वचित भेटणाऱ्या स्नेह्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. परंतु उंबराला फुले येत नाहीत असे मात्र नव्हे. ज्याला आपण फळ समजतो ती वस्तुतः एक बंद कुपी असून, तिच्या आतल्या भिंतीला असंख्य बारीक फुले चिकटलेली असतात.

फुलांची घडण कीटकांच्या सोयीने झालेली असते, हे स्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने १७९३ साली सविस्तर दाखविले. रंग, गंध, मध ही सारी पाहुण्यास धाडलेली आमंत्रणेच. मग या बंद घरात पाहुणा शिरतो कसा?

कुपीच्या टोकाशी खवल्यांनी झाकलेले छिद्र असते. गांधीलमाशीच्या गोतातील एक चिलटाएवढी मादी गंधाच्या मागाने येऊन त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तेथेच मोडतात. आत ती सोबत आणलेले पराग स्त्रीपुष्पांवर घालते व काही फुलांत अंडी घालून तेथेच मरते. ज्यांत अंडे पडले त्या फुलांत तिची पिल्ले वाढतात. उरलेल्यांत उंबराचे बी धरते. काही आठवड्यांनी पंखहीन नर आधी बाहेर येतात, माद्यांशी संग करतात आणि कुपीला भोक पाडतात. एव्हाना पुंपुष्पे उमललेली असतात. त्यांचे पराग घेऊन माद्या उडून जातात. उंबर फोडताच उडणारी केंबरे ती हीच!

आता खरी अडचण पाहा. या मादीचे आयुष्य जेमतेम एकदोन दिवसांचे. ज्या झाडावरून ती निघाली, त्याची उंबरे बहुधा एकदमच पिकतात. तिला हवे असते कोवळ्या उंबरांचे दुसरे झाड. वारा तिला दूर नेतो खरा, पण वाटेत झाडच नसेल तर तिचा वंश तेथेच खुंटतो. आणि ती न आली, तर कोवळी उंबरे बहुतेक गळून पडतात. मग हरियाल, वटवाघळे, माकडे यांनी खावे काय?

देवळापुढील औदुंबराला आपण पार बांधतो, प्रदक्षिणा घालतो. ते योग्यच आहे. परंतु ओढ्याकाठचे, बांधावरचे उंबर तोडून एकटा औदुंबर राखला, तर त्याची केंबरे जाणार कोठे? झाड राखावयाचे तर त्याचे गणगोतही राखले पाहिजे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे होते.