युद्ध, भूक आणि चित्रपट
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



युद्धाच्या बातमीत आकडे असतात. आकडा खरा असला तरी त्याला चेहरा नसतो. तो चेहरा चित्रपट कसा देऊ शकतो, याविषयी मी आज थोडे बोलणार आहे.

इसाओ ताकाहाता यांनी १९८८ मध्ये ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, म्हणजे ‘काजव्यांचे थडगे’, हा जपानी चलचित्रपट निर्माण केला. त्याचा आधार अकियुकी नोसाका यांची १९६७ मधील कथा. नोसाकांची धाकटी बहीण युद्धकाळात उपासमारीने गेली होती. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना, जून १९४५ मध्ये, ओकायामा शहरावरील हवाई हल्ल्यातून वाचले होते. दोघांनीही हे दुःख स्वतः भोगले होते.

चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको ही भावंडे. कोबे शहरावर आगलावे बॉम्ब पडतात, आई भाजून दगावते. वडील नौदलात, दूर. मुले मात्र बॉम्बमधून वाचतात आणि पुढे भुकेने मरतात. आईचे किमोनो विकून आलेला तांदूळ आश्रय देणारी नातलग बाई आपल्या माणसांना वाढते. या दोघांच्या वाट्याला पातळ पेज येते. डॉक्टर ‘हिला सकस अन्न हवे’ एवढेच सांगून मोकळे होतात. गोळ्यांचा डबा रिकामा झाल्यावर सेइता त्यात पाणी घालून बहिणीला ती चव पाजतो. शरणागतीनंतर महिनाभराने तो रेल्वे स्थानकावर प्राण सोडतो, तेव्हा माणसे शेजारून निघून जात असतात.

विमाने निघून गेल्यानंतरही युद्ध स्वयंपाकघरात आणि बंद दारांत चालूच राहते, हे या चित्रपटाने दाखवले. बातमीला ते टिपता येत नाही, कारण भूक एका दिवसाची घटना नसते.

दुसरे उदाहरण लहान आहे. २०१४ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ या संस्थेने सीरियातील मुलांसाठी सुमारे दीड मिनिटाची चित्रफीत काढली. तीत लंडनमधील एका मुलीचे वर्ष दिसते, एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत, निवडक दिवसांचा एकेक सेकंद. वर्ष सरता सरता तिचे घर सुटते. सीरियाचे एकही दृश्य न दाखवता सीरियातील बालपण प्रेक्षकाच्या घरात आणून ठेवले आहे.

ताकाहातांच्या चित्रपटावर एक आक्षेप घेतला जातो: जपानी सैन्याने चीनमध्ये जे केले, त्याविषयी तो मौन बाळगतो. हा आक्षेप रास्त आहे. एका चित्रपटात सारे युद्ध मावत नाही. म्हणूनच एकाच बाजूच्या मुलांचे दुःख पाहून थांबू नये. नाही तर करुणेचेही निशाण होते.

पालकहो, आपली मुले रोज मोबाइलवर उद्ध्वस्त शहरे पाहतात आणि क्षणात पुढे सरकतात. त्यांना दोष देऊ नका. इतक्या थोड्या वेळात कोणाचीच ओळख होत नाही. वरच्या वर्गातील मुलांसोबत असा एखादा चित्रपट पूर्ण पाहा. संपल्यावर त्यांना एवढेच विचारा: सेत्सुकोला मूठभर तांदूळ कोणाकोणाला देता आला असता? उत्तरांची यादी जसजशी लांबत जाईल, तसतसे युद्ध त्यांना समजू लागेल.