मत्स्यटाकीसाठी वाळू निवडताना

घरच्या मत्स्यटाकीत तळाला वाळू घालायची आहे? मग समुद्रकिनाऱ्यावरून पिशवी भरून आणू नका. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. त्यातला चुना पाण्यात उतरतो, पाणी जड होतं आणि गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांना ते मानवत नाही. ओळखायचं कसं? कोरड्या चिमूटभर वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाका; बुडबुडे आले तर चुना आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना मात्र असंच जड पाणी लागतं.

बांधकामाची क्रश सँडही नको. तिचे कण धारदार असतात आणि तळ उकरून खाणाऱ्या कोरीडोरस माशांच्या मिशा त्याने झिजतात. गोल कणांची, चाळलेली नदीची वाळू उत्तम. बादलीत घेऊन हाताने ढवळत, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. साबण अजिबात नको.

थर तीन ते पाच सेंटिमीटरचा पुरे. जाड थरात खाली प्राणवायू पोचत नाही आणि सडक्या अंड्यांसारखा वास येणारा विषारी वायू साठतो. म्हणून अधूनमधून वाळू हलक्या हाताने हलवा. फिल्टरचं तोंड तळापासून थोडं उंच ठेवा, म्हणजे वाळू आत ओढली जाणार नाही.