परांचीचा खर्च कोणी द्यायचा?

(बांधकाम कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पावसाळा सरला की मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींभोवती परांच्या उभ्या राहू लागतात. उभे-आडवे बांबू, सुंभाच्या गाठी, वरून सोडलेली हिरवी जाळी, आणि त्या सांगाड्यावर एका बांबूला पायाची अढी घालून भिंत खरवडणारा रंगारी. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला तो खिडकीतून हातभर अंतरावर दिसत असतो. खाली उतरताना सांभाळ, असे घरातील एखादी वृद्धा त्याला आपुलकीने सांगतेही. परंतु हे काम त्याला कोणी शिकविले, ही परांची कोणी तपासली आणि ती कशाच्या आधारावर उभी आहे, हे प्रश्न त्या इमारतीत सहसा कोणी विचारीत नाही. उंचीवरील कामाच्या प्रशिक्षणाचा विचार या प्रश्नांपासून सुरू केला पाहिजे.

‘जपून काम कर’ हा उपदेश म्हणजे प्रशिक्षण नव्हे. 3 मीटर, म्हणजे साधारण एका मजल्याच्या उंचीवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाहून किंचित अधिक वेळात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे 28 किलोमीटर असतो. एवढ्या अवधीत सावध होणे, हात पुढे करणे, बांबू पकडणे यांपैकी काहीही शक्य नसते. सावधगिरी ही पडण्यापूर्वीची गोष्ट आहे, आणि पडण्यापूर्वीची बहुतेक सर्व व्यवस्था पडणाऱ्याच्या हाती नसून काम देणाऱ्याच्या हाती असते.

ही व्यवस्था कोणत्या क्रमाने लावावी, याविषयी जगात आता फारसा मतभेद उरलेला नाही. ब्रिटनने 2005 साली उंचीवरील कामासाठी जे नियम केले, त्यांत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. जे काम जमिनीवरून होऊ शकते त्यासाठी माणसाला वर चढवूच नये. चढवावेच लागले तर तो पडणार नाही अशी जागा त्याला उभे राहण्यासाठी द्यावी. आणि पडण्याचा धोका तरीही उरलाच तर पडण्याचे अंतर व इजा कमी होतील अशी साधने वापरावीत. लांब दांड्याच्या रोलरने खालूनच रंग लावणे ही पहिली पायरी. सलग फळ्या आणि कठडा असलेली परांची ही दुसरी. जाळी आणि पट्टा या तिसऱ्या पायरीवरच्या गोष्टी. आपल्याकडे हा क्रम उलटा लावला जातो. सुरक्षा म्हटली की प्रथम पट्टा आठवतो, कारण पट्टा स्वस्त असतो आणि तो बांधण्याची जबाबदारी कामगारावर टाकता येते.

या क्रमाच्या चौकटीत प्रत्येक साधनाचे म्हणून एक शास्त्र आहे. ते अवघड नाही, पण शिकविल्यावाचून येत नाही. शिडीचेच पाहा. टेकवलेली शिडी जितक्या उंचीवर टेकते त्याच्या चौथ्या हिश्शाइतका तिचा पाय भिंतीपासून दूर हवा. 4 मीटरवर टेकली तर पाय 1 मीटर बाहेर. मोजपट्टी नसली तरी शिडीच्या पायाशी बोटे लावून ताठ उभे राहावे आणि हात समोर सरळ पसरावेत; तळवे पायरीला सहज टेकले तर कोन बरोबर आहे असे समजावे. गच्चीवर उतरायचे असेल तर शिडीचे टोक गच्चीच्या वर सुमारे 1 मीटर आले पाहिजे आणि ते बांधलेले पाहिजे. चढता-उतरताना दोन हात व दोन पाय यांपैकी तीन कायम शिडीवर असावेत. म्हणजेच डबा हातात धरून चढू नये, तो दोरीने वर ओढून घ्यावा. विजेच्या तारांजवळ लोखंडी वा ॲल्युमिनियमची शिडी नेऊ नये. आणि शिडी ही मुळात थोड्या वेळाच्या, हलक्या कामाची वस्तू आहे. एका जागी अर्ध्या तासाहून अधिक काम असेल तर दुसरे साधन शोधावे, असे ब्रिटिश मार्गदर्शन सांगते. आपल्याकडे मात्र शिडीवर उभे राहून दिवस दिवस भिंत फोडली जाते.

परांचीचेही तसेच. तिचे पाय भुसभुशीत मातीवर नसावेत. ती इमारतीला ठराविक अंतरांवर बांधलेली असावी. उभे राहण्याच्या जागी दोन सुट्या बांबूंऐवजी सलग फळ्या असाव्यात. बाहेरच्या बाजूला कमरेच्या उंचीचा कठडा, त्याखाली मधला दांडा आणि हत्यारे खाली घसरू नयेत म्हणून फळीच्या कडेला उभी पट्टी असावी. ती वापरण्यापूर्वी, त्यानंतर दर सात दिवसांनी आणि वादळी पावसानंतर जाणकाराने तपासावी. परांची व शिड्या यांच्या सुरक्षिततेची संहिता भारतीय मानक संस्थेनेही दोन भागांत प्रसिद्ध केली आहे. पहिला भाग 1987 चा, दुसरा 1991 चा. म्हणजे ज्ञानाचा अभाव ही सबब आपल्याला तीन दशकांहून अधिक काळ उपलब्ध नाही. सिमेंटच्या पत्र्यांच्या छपराविषयी तर वेगळे सांगावयास हवे. वरून भक्कम दिसणारा जुना पत्रा माणसाच्या भाराने एकाएकी फुटतो. आधारावर आडव्या फळ्या टाकल्याशिवाय त्यावर पाऊल ठेवू नये, ही एक गोष्ट जरी प्रत्येक गळती-दुरुस्ती करणाऱ्याला शिकविली गेली, तरी अनेक घरे उघडी पडण्यापासून वाचतील.

आता पट्ट्याकडे वळू. केवळ कमरेला बांधायचा पट्टा पडणाऱ्याला अडवताना त्याच्या पोटाला आणि मणक्याला गंभीर इजा करू शकतो. अमेरिकेने 1 जानेवारी 1998 पासून पडणे रोखण्यासाठी त्याचा वापर बंद केला. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण पट्टाही अडकवायचा कशाला, हा प्रश्न आहेच. सुंभाने बांधलेल्या बांबूला तो अडकवला तर माणसाबरोबर बांबूही खाली येण्याची भीती. शिवाय पट्ट्याच्या दोराची लांबी, धक्का शोषणाऱ्या पट्टीचे उलगडणे आणि माणसाची उंची यांची बेरीज केली तर खाली पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्यावर पायाशी दोर अडकवलेला कामगार पट्टा ताणला जाण्यापूर्वीच जमिनीवर पोचू शकतो. आणि पट्ट्याने तारलेला माणूस अधांतरी निश्चल लटकत राहिला तर पायांत रक्त साचून त्याच्या जिवाला धोका उद्भवतो; म्हणून त्याला तातडीने खाली कसे घ्यायचे, याचा सरावही प्रशिक्षणातच यावा लागतो. पट्टा हाती देऊन सही घेतली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी यांपैकी कशाचाच विचार केलेला नसतो.

यावर ठेकेदाराचे ठरलेले उत्तर असते: ‘हे लोकच निष्काळजी. दिले तरी बांधत नाहीत.’ या उत्तरात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो अर्थशास्त्राने समजून घ्यायचा आहे. रंगाऱ्याची मजुरी पुष्कळदा कामाच्या मापावर ठरते. पट्टा सोडणे, सरकणे, पुन्हा अडकवणे यात जाणारा वेळ त्याच्या मजुरीतून कापला जातो. परांची सरकविण्याऐवजी अंग बाहेर झोकून हात लांबविला तर दिवसाकाठी चार चौरस फूट अधिक होतात. ज्याच्या घरी संध्याकाळचे दळण त्या चार फुटांवर अवलंबून आहे, त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. मजुरीची पद्धतच त्याला घाई शिकवीत असते, आणि ती शिकवण कोणत्याही वर्गातल्या शिकवणीहून प्रभावी ठरते.

ठेकेदारावरचा दबावही याच जातीचा आहे. गृहनिर्माण संस्था निविदा मागविते. दर चौरस फुटाला ठरतो आणि परांचीचा खर्च त्यातच गृहीत धरला जातो. ज्याने सलग फळ्या, कठडे आणि प्रशिक्षणाचा दिवस हिशेबात धरला त्याचा दर चढतो. ज्याने दोन बांबूंवर भागविले त्याचा उतरतो. सर्वसाधारण सभा टाळ्या वाजवून सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करते. त्या सभेत पुरोगामी विचारांची माणसे नसतात असे नाही. कित्येक संस्थांचे सचिव आपल्याच चळवळीचे सहानुभूतिदार असतात. त्यांना कोणाचा जीव घ्यावयाचा नसतो. परंतु प्रत्येक सभासदाचे काही शेकडा रुपये वाचविणारा तो ठराव एका माणसाच्या पायाखालची फळी काढून घेतो. ती बचत सभासदांत वाटली जाते आणि अपघाताचा खर्च एका विधवेच्या नावे पडतो.

कायद्याने हा खर्च मालकाकडे वळवायचा प्रयत्न केला आहे. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात 2020 पासून मासिक वेतन कमाल 15,000 रुपये धरले जाई. त्या हिशेबाने 30 वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई साडेपंधरा लाखांच्या वर जात होती. परंतु ज्याला सकाळी नाक्यावरून उचलले, ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही, त्याच्या पत्नीने तो कामावर होता हे सिद्ध कसे करावे? ठेकेदार पोटठेकेदाराकडे बोट दाखवितो आणि पोटठेकेदार मुकादमाकडे. ठेकेदाराच्या कामगाराबद्दल मुख्य मालकाला जबाबदार धरणारी तरतूदही त्याच्या धंद्याचा भाग असलेल्या कामापुरती आहे. इमारत रंगविणे हा गृहनिर्माण संस्थेचा धंदा नव्हे, अशा वादाला त्यामुळे जागा राहते.

सुरक्षिततेच्या कायद्याचीही हीच गत आहे. 1996 साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, 1998 मध्ये केंद्राचे नियम आले. पुढे तो कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. माहिती, शिक्षण, प्रशिक्षण आणि देखरेख पुरविणे हे मालकाचे कर्तव्य तिने मानले आहे. परंतु सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती बांधकामावर 250 कामगार असतील तेव्हा. चार रंगारी आणि एक मुकादम अशा टोळीला तो कधी दिसणार? मोठ्या प्रकल्पांवर निदान फलक तरी असतात. दुरुस्ती आणि रंगकामाच्या या लहान जगात तेही नाहीत.

पैसा नाही, ही सबबही टिकत नाही. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी वसूल होतो. सर्वोच्च न्यायालयाने 19 मार्च 2018 च्या निकालात नमूद केले की, देशभरात 37,400 कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली असून खर्च सुमारे 9,500 कोटींचाच झाला आहे. महाराष्ट्रातील कल्याणकारी मंडळाने सुरक्षा संच वाटले. हेल्मेट आणि बूट कामगारांच्या घरी पोचले. वस्तू वाटणे सोपे असते, त्याचा समारंभ करता येतो. परंतु नोंदणीसाठी 90 दिवसांच्या कामाचा दाखला आणताना मेटाकुटीला आलेल्या कामगाराला त्याच पैशातून एक दिवसाची मजुरी देऊन प्रत्यक्ष परांचीवर उभे करून शिकवावे, हे कोणी मनावर घेतले नाही. या महाराष्ट्रात दहीहंडीचा थर लावण्यापूर्वी गोविंदांची पथके कित्येक आठवडे सराव करतात. पोटासाठी चढणाऱ्याला मात्र पहिल्या सकाळीच वर पाठविले जाते.

आणखी एक गोष्ट या सर्वांहून महत्त्वाची आहे. सैल गाठ ओळखायला शिकलेल्या कामगाराला ‘मी चढणार नाही’ असे म्हणता येत नसेल तर त्या शिक्षणाने त्याची भीती तेवढी वाढेल. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या 1981 आणि 1988 च्या करारांनी गंभीर धोका दिसताच कामापासून दूर होण्याचा कामगाराचा हक्क मान्य केला आहे. आपली संहिता मात्र त्याला धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याची मुभा देते. काम थांबविण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देत नाही. नाक्यावर त्याच्यामागे दहाजण उभे असताना एकट्याने नकार देणे म्हणजे त्या दिवशी उपाशी राहणे होय. हा नकार एकट्याचा राहू नये, यासाठीच संघटना असते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. आपापल्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढच्या निविदेत परांची, कठडे आणि प्रशिक्षण यांची रक्कम वेगळी लिहावयास लावावी. ती सर्व निविदाकारांना सारखी असावी आणि परांची तपासल्यावरच अदा व्हावी, म्हणजे तीत काटछाट करून कोणालाही दर पाडता येणार नाही. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव पहिल्याच दिवशी वहीत नोंदवावे. प्रशिक्षण भरपगारी, कामाच्या जागी आणि कामगाराच्या भाषेत व्हावे. तो बंगाली, उडिया, तेलुगू बोलत असेल तर त्या भाषेत. प्रथम मुकादमाला शिकवावे, कारण वर चढण्याचा हुकूम तोच देतो. उपकराच्या निधीतून नाक्यानाक्यावर असे वर्ग भरविण्याची मागणी मंडळाकडे लेखी नेऊन तिचा पाठपुरावा करावा. आणि एखाद्या टोळीने परांची सैल म्हणून काम थांबविले, तर संस्थेच्या सचिवाने त्या दिवसाची मजुरी कापू नये.

यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीसाठी कोणत्याही सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेची सूचना बहुधा जिन्याखालच्या फलकावर आधीच लागलेली असेल.