गाडी केवढी असावी?

रेल्वेचं मॉडेल करायचं मनात आलं की माणूस आधी खोली मोजतो आणि विचारतो, ‘एवढ्या जागेत कोणती स्केल बसेल?’ मी त्याला विचारतो, ‘तुम्हाला बघायचं काय आहे? इंजिन, की घाट चढणारी अख्खी गाडी?’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय टेप हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

भोर घाटच घ्या. मागून बँकर इंजिनं रेटतायत, गाडीचं तोंड बोगद्याबाहेर आलंय आणि शेपूट अजून मागच्या वळणावर आहे. हे दृश्य लांबीचं आहे, चार डब्यांत ते उभं राहत नाही. हल्लीचा एलएचबी जातीचा डबा साडेतेवीस मीटरचा. एच-ओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, तो २७ सेंटिमीटर भरतो. सोळा डबे आणि इंजिनं मिळून गाडी पाच मीटरच्या पुढे जाते. एन स्केलमध्ये, १:१६० ला, तीच गाडी पावणेतीन मीटरच्या आसपास येते. त्यात घाटाचा चढ ३७ ला १. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला एच-ओमध्ये साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे नुसत्या चढालाच पावणेतीन मीटर गेले. घाट करायचा असेल तर डोळे झाकून एन घ्या.

मात्र रूळ पुसायची तयारी ठेवा. लांबी निम्मी झाली की वजन आठव्या हिश्श्यावर येतं. इंजिनाला वीज मिळते ती रुळातून, चाकांवाटे. हलकं इंजिन रुळाला दाबून बसत नाही आणि धुळीच्या कणावरही अडखळतं. आपली घरं उघड्या खिडक्यांची आहेत, हे विसरू नका.

आता खरी अडचण रुंदीची. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा येतात. एच-ओचा रूळ तेवढाच. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, त्याला एकोणीसहून जास्त हवेत. त्यामुळे विकतच्या रुळावर आपली गाडी पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. ब्रिटिशांची अडचण वेगळी होती. त्यांची इंजिनं अंगानं लहान, त्या काळच्या मोटारी आत मावेनात. म्हणून त्यांनी रूळ साडेसोळाचाच ठेवला आणि गाडी १:७६ ला मोठी केली. ती ओओ स्केल आजही चालते.

जे डबे स्वतः बनवणार आहेत, त्यांनी उलटा विचार करावा असं मला वाटतं. गाडी १:१०० ला करा. साडेसोळाचा रूळ तिथे १,६५० मिलिमीटरचा होतो, ब्रॉडगेजच्या अगदी जवळ. आर्किटेक्ट लोकही १:१०० ला मॉडेलं करतात, त्यामुळे त्या मापाची माणसं नि झाडं मिळतात. इंजिनाची चेसिस तेवढी जुळवून घ्यावी लागेल.

आणि जीव माथेरानच्या गाडीत अडकला असेल तर मोठी स्केल घ्या. १९०७ ची ही दोन फुटी लाइन. गाडी आखूड, वळणं आवळ. ओओच्या मापात ९ मिलिमीटरचा तयार रूळ तिला बऱ्यापैकी चालतो, आणि इंजिनाचे दांडे हलताना दिसतात.

खरेदीआधी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या. तिथलं काम एच-ओमध्ये आहे. घरी आल्यावर एच-ओ आणि एनच्या डब्यांएवढ्या, म्हणजे २७ आणि १५ सेंटिमीटरच्या, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून टेबलावर वळणात मांडा. मागच्या कडेला घसरलेला डबा उचलायला हात पोचतो का, तेही बघा.