बाळासाठी मावशी शोधताना: काय विचारायचं, काय ठरवायचं

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून टाकतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे", "अं" आणि मागचं कुकरच्या शिट्टीचं पार्श्वसंगीत काढून.

गेल्या महिन्यात तीन मैत्रिणींचे मेसेज आले. तिघींचा प्रश्न एकच, की बाळाला सांभाळायला बाई कशी शोधलीस? एकाही बाबांनी विचारलं नाही, हे फक्त नोंदवून पुढे जाते.

आधी तारखांचं गणित. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. म्हणजे तुम्ही ते आधीच वापरले असतील तर परत जॉइन होताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. शेवटच्या दिवसापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवला असेल तर सहा महिन्यांचं. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. या दोन वाक्यांमध्ये जी फट आहे ना, त्या फटीत आपण सगळ्याजणी मावशी शोधत असतो.

त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करावी असंही आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा आहे. कागदावर छान आहे. पण मी राहते कोथरूडला आणि ऑफिस हिंजवडीला. पाच महिन्यांच्या बाळाला रोज त्या ट्रॅफिकमध्ये न्यायचं, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नाही. म्हणून घरी येणारी बाई.

शोध कुठे घ्यायचा? दोन एजन्सींना फोन केले. एकीने सांगितलं महिना चोवीस हजार, शिवाय आधी भरायचं वेगळं कमिशन. त्यांनी पाठवलेल्या ताईंना मी सहज विचारलं, तुमच्या हातात किती येतात? त्या म्हणाल्या, अठरा. मधले सहा हजार दर महिन्याला एजन्सीकडे. हा प्रश्न प्रत्येकीने विचारा, आणि एजन्सीच्या माणसाला विचारू नका, थेट त्या बाईंना विचारा. ज्या बाईंच्या हातात कमी पडतं त्यांना दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की त्या जाणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बाळाला मात्र पुन्हा नवा चेहरा, नवा हात, नवा वास.

आम्हाला मावशी मिळाल्या त्या आमच्या बाळाला मालिश आणि अंघोळ घालायला येणाऱ्या आजींकडून. या आजी वीस घरांत जातात. कुठल्या घरातली बाई बाळाला कशी धरते, हे त्यांना कुठल्याही ॲपपेक्षा जास्त माहीत असतं. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, वॉचमन, पोळ्यावाल्या काकू हेही चालतं. फक्त एक सांगते, "माझी पुतणी आहे, हुशार आहे, शाळा सोडलीये" असं कुणी सुचवलं तर वय विचारा. १४ वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे. घरकामावर ही बंदी २००६ पासून आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जिची स्वतःची शाळेत जायची वेळ आहे तिच्या कडेवर आपलं बाळ द्यायचं?

आता मुलाखत. मी पाचजणींशी बोलले. पहिल्या दोघींना मी ऑफिसमध्ये विचारतात तसे प्रश्न विचारले. अनुभव किती, मुलं आवडतात का. सगळ्याच हो म्हणतात. नाही कोण म्हणणार? त्यातून काही कळेना, म्हणून नंतर एकच प्रश्न ठेवला. "बाळ अर्धा तास रडतंय. दूध पाजून झालंय, डायपर कोरडा आहे, ढेकर काढलीये. तुम्ही एकट्या आहात. काय कराल?"

एकजण म्हणाल्या, मोबाईलवर गाणं लावीन. एकजण म्हणाल्या, गुटी उगाळून देईन, लगेच झोपतं. आणि आमच्या मावशी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आधी सगळे कपडे काढून बघेन. मुंगी चावली असेल, नाहीतर बोटाला दोरा-केस गुंडाळला असेल. तसं काही नसेल तर तुम्हाला फोन लावीन. तुम्ही मीटिंगमधी असला तरी लावीन, चालेल का?"

चालेल का, हा तो शब्द. मला तिथेच कळलं की मी शोधतेय ते हेच. बाळ बोलत नाही. दिवसभरात काय झालं हे मला सांगणारी जगात एकच व्यक्ती आहे. तिला खरं सांगायला भीती वाटली तर माझ्याकडे काहीच माहिती नाही. पुढचं सगळं, पगार, सुट्टी, कॅमेरा, मी याच एका गोष्टीच्या हिशेबात बघते.

उदाहरणार्थ, रडणं. पहिल्याच आठवड्यात मी मावशींना स्पष्ट सांगितलं, की तुम्ही कंटाळाल, चिडाल, ते होणारच, मीही चिडते. अशा वेळी बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभ्या राहा, पाणी प्या. बाळ तेवढा वेळ रडलं तरी चालेल. पण त्याला जोरात हलवायचं नाही, कधीच नाही. लहान बाळाची मान कच्ची असते, जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे सांगताना मला वाटलं त्यांना राग येईल. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आधीच्या घरी बाळ रडलं की वहिनी आतून ओरडायच्या, मग माझी घाई व्हायची."

कॅमेऱ्याबद्दल सगळेच विचारतात. आमच्याकडे हॉलमध्ये एक आहे, मावशींना पहिल्या दिवशी दाखवला, कुठे काय दिसतं ते माझ्या फोनवर त्यांनाच बघायला दिलं. लपवलेला कॅमेरा मला मान्य नाही. आणि खरं सांगू? मी डिप्लॉयमेंटच्या दिवशी कॅमेरा उघडूनही बघत नाही. कॅमेऱ्यात घडलेलं दिसतं. फोन मात्र माणसालाच करावा लागतो.

हे मी उगाच म्हणत नाहीये. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी पावणेतीनला, मावशींचा फोन. "ताई, बाळ दिवाणावरून पडलं. पालथं पडून सरकलं. लगेच रडलं. डोक्याला मागे लागलंय. मी बाजूच्या काकूंना बोलावलंय." दोन मिनिटंही झाली नसतील पडून. त्याच आठवड्यात ते पालथं पडायला शिकलं होतं, आमच्यापैकी कुणालाच त्याचा वेग माहीत नव्हता. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच घेऊन या म्हणून सांगितलं. काकू आणि मावशी रिक्षाने घेऊन गेल्या, मी ऑफिसमधून निघाले. तपासलं, ठीक होतं. उलटी, जास्त झोपाळूपणा, झटके, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल, असं सांगून घरी पाठवलं.

संध्याकाळी नातेवाइकांचे फोन. आत्या म्हणाली, काढून टाक तिला. सासूबाई म्हणाल्या, निदान पगार तरी काप, धाक राहतो. नवरा माझ्याकडे बघत होता. मी मावशींना म्हटलं, तुम्ही लगेच फोन केलात ते बरं केलंत, उद्यापासून बाळाची गादी जमिनीवर. विषय तिथेच संपला. विचार करा, त्या दिवशी पगार कापला असता, तर पुढच्या वेळी फोन आला असता का? टेंगूळ मी संध्याकाळी सातला पाहिलं असतं आणि "काही नाही, डास चावलाय" असं ऐकलं असतं.

म्हणून कामाच्या अटी. आमच्याकडे सकाळी साडेनऊ ते साडेसहा, रविवारी सुट्टी, अठरा हजार, ते महिन्याच्या एक तारखेला. वर्षाला बारा पगारी रजा, आजारी पडलात तर वेगळ्या. दिवाळीला एक पगार. मला उशीर झाला तर जादा वेळेचे पैसे. काम फक्त बाळाचं, म्हणजे त्याचे कपडे, बाटल्या, खाणं. आमची भांडी आणि आमच्या पोळ्या त्यात नाहीत. "बाळ झोपल्यावर बसूनच असते की" हे वाक्य मी तीन जणांकडून ऐकलंय. बाळ झोपल्यावर मावशींनी बसायलाच पाहिजे. पाचला ते उठतं तेव्हा मला दमलेली बाई नकोय. हे सगळं एका कागदावर मराठीत लिहिलं, दोघींनी सह्या केल्या, एक प्रत त्यांच्याकडे. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्मही भरला, पण कशासाठी ते आधी समजावून, आणि आमचीही माहिती त्यांना दिली. घरात कोण कोण असतं, नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम कुठल्या दिवशी असतं, हे त्यांनाही कळायला हवं. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा घरकाम करणाऱ्या बायकांनाही लागू आहे, हे फार घरांत माहीतच नसतं.

एक गोष्ट मला टोचते, ती इथे बोलून टाकते. मला २६ आठवडे पगारी रजा मिळाली. मावशींच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांना एक दिवसही पगारी मिळाला नाही, कारण तो कायदा आस्थापनांसाठी आहे आणि आपलं घर आस्थापनेत मोजलं जात नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, ई-श्रमवर मोफत नोंदणी २०२१ पासून होते. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची नोंदणी झालीये का विचारा. कामाचा दाखला मागितला तर त्याच दिवशी लिहून द्या, रविवारची वाट बघू नका.

आता दुधाचं, कारण यावर सर्वांत जास्त प्रश्न येतात. काढून ठेवलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास चालतं, फ्रिजमध्ये आत ठेवलं तर चार दिवस. पुण्याचा एप्रिल म्हणजे २५ अंश विसरा, काढलं की फ्रिज. प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ. गरम करायला कोमट पाण्याच्या वाटीत ठेवायचं, मायक्रोवेव्ह नाही, त्यात एखादा भाग चटका लागेल इतका तापतो. बाळाने पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं. हे "टाकून द्यायचं" मावशींना फार जड जातं, मलाही जातं. वर्षाच्या आत मध नाही, अगदी चाटवायलाही नाही. झोपवताना उताणं, उशी नाही, मोहरीचीही नाही. आजींशी यावर आमचं छोटं युद्ध झालं, ते वेगळ्या एपिसोडचा विषय आहे.

ही यादी फ्रिजवर मराठीत, मोठ्या अक्षरात लावलीये. खाली डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या काकूंचा, १०८ आणि ११२. मावशींना वाचता येतं, पण औषधाच्या बाटलीवरचं सगळं इंग्रजीत असतं. म्हणून ड्रॉपरवर मी नेलपॉलिशने रेघ मारलीये, इथपर्यंतच.

सुरुवातीचे पंधरा दिवस मी घरी असतानाच त्यांना बोलावलं, पूर्ण पगारावर. आधी त्या बघायच्या, मी करायचे. मग उलट. मग मी बेडरूमचं दार लावून बसायचे आणि बाळ रडलं तरी बाहेर यायचं नाही असं ठरवायचे. हे सर्वांत कठीण, सांगून ठेवते. शेवटचे चार दिवस खरोखर घराबाहेर, दोन-दोन तास. हे पंधरा दिवस रजेतूनच जातात, म्हणून शोध निदान दीड महिना आधी सुरू करा.

आणि मावशींचाही मुलगा आजारी पडतो, हे धरून चाला. त्यांचा धाकटा पाचवीत आहे. परवा त्याला ताप होता, सकाळी सातला फोन आला, "ताई, आज नाही जमणार." नवऱ्याने पहिला अर्धा दिवस सुट्टी घेतली, दुसरा अर्धा मी. आमच्या कॅलेंडरवर अशा दिवसांसाठी कुणाची पाळी आहे ते आधीच लिहिलेलं असतं, एकदा त्याची, एकदा माझी. यावेळी त्याची होती, पण दुपारी त्याचा क्लायंट कॉल निघाला, म्हणून पुढच्या वेळचा पूर्ण दिवस त्याच्या खात्यावर.

पुढच्या एपिसोडमध्ये पाळणाघर बघायला गेल्यावर काय काय तपासायचं ते. प्रश्न पाठवून ठेवा, बाबांचेही चालतील.