आईची दोन वाक्यं

आज वैद्यकाची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

उद्या तुमच्यापैकी कुणी बोईसरच्या दवाखान्यात बसेल, कुणी जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रात. एखादी आई मुलाला घेऊन येईल. म्हणेल, “पोराचा पाय रात्री ठणकतो, झोपूच देत नाही. गोळी दिली की थांबतं.” ओपीडीच्या गर्दीत आपलं उत्तर तयार असतं: “वाढत्या वयाचं दुखणं आहे, जाईल.” बहुतेकदा ते जातंही. पण वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं. एकाच पायात, एकाच जागी, रोज रात्री ठणका लागत असेल, तर तिथे थांबा. त्या हाडात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा असू शकतो.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. हेन्री जॅफे यांनी १९३५ साली तिला स्वतंत्र आजार म्हणून ओळख दिली. ती बहुधा मुलांना आणि तरुणांना, मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात होते. तिचा गाभा सहसा दीड सेंटिमीटरहून लहान असतो. त्यात तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन ठणका उठवतं आणि अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं नेमकं तेच रोखतात. म्हणजे आईच्या दोन वाक्यांत अर्धं निदान आलेलं असतं. साध्या एक्स-रेत भोवतीच्या जाड हाडाआड लपणारा गाभा पुढे सीटी स्कॅन दाखवतो.

पूर्वी एवढ्याशा गाभ्यासाठी हाड उघडावं लागे. गाभा डोळ्यांनी नीट ओळखू येत नसे, म्हणून आजूबाजूचं चांगलं हाडही काढलं जाई. मग कधी हाडाचं कलम, कधी प्लास्टर आणि कित्येक आठवडे कुबड्या. १९९२ मध्ये बॉस्टनच्या डॅनियल रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट दाखवली. रुग्णाला भूल द्यायची, सीटीवर पाहत हाडाला बारीक भोक पाडायचं आणि सुईचं टोक गाभ्यात न्यायचं. टोकातून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की पेशींतले आयन थरथरतात आणि त्या घर्षणाने गाभा तापतो. साधारण ९० अंश सेल्सियस, पाच-सहा मिनिटं. गाभा मरतो, हाड शाबूत राहतं. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. काही थोड्यांना पुन्हा उपचार लागतो. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी या उपचाराचा आपला अनुभव २०१७ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

उष्णतेने बरं करणं आपल्याला नवं नाही. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर अध्याय आहे. आणि मेळघाटात आजारी बाळाच्या पोटाला तापल्या सळईचे चटके देण्याची प्रथाही आपल्याच राज्यातली. त्या सुईत आणि या सळईत आग तीच, फरक मापाचा. तारापूरच्या अणुवीज केंद्राला हे वेगळं सांगायला नको. १९६९ पासून तिथे अणूच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, पण तापमानावरची नजर क्षणभरही हलत नाही. तारापूर आणि टाटा मेमोरियल ही दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच घरातली. हाडातल्या त्या उपचारातही सुईजवळ मज्जातंतू असेल, कातडी असेल, तर काही मिलिमीटरची चूकसुद्धा महागात पडते. कुठे, किती आणि कधी थांबायचं, हे ज्याला कळलं त्याच्याच हातात आग द्यावी.

हा उपचार करणारं मशीन तुमच्या टेबलावर नसेल. पण मूल परळला पोचणार की वर्षभर वेदनाशामक गोळ्यांवर रात्री काढणार, हे तुमच्याच टेबलावर ठरेल. आई वारलीत बोलेल, एमआयडीसीतल्या कामगाराची बायको भोजपुरीत बोलेल. तिला मध्येच तोडू नका. रात्री दुखतं का? एकाच जागी का? गोळीने थांबतं का? एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. त्या मुलाची शांत झोप तिथूनच सुरू होते.