जुन्या गाडीत मोठे एंजिन

गाडी तीच ठेवून तिला जास्त ताकदीचा बैल जुंपला, तर काय होते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. गाडी जोरात निघते खरी, पण ताण मग जुवावर येतो, साट्यावर येतो, कण्यावर येतो. आणि उतारावर ती आवरायची कशी, हा प्रश्न बैलाच्या ताकदीपेक्षा मोठा होऊन बसतो. आज आपण मोटारगाडीबद्दल बोलणार आहोत, पण मूळ विचार हाच आहे. जुन्या, नावाजलेल्या गाडीत तिच्या मूळच्या एंजिनापेक्षा मोठे एंजिन आणि नव्या पद्धतीचा गिअरबॉक्स बसवतात. तो कसा बसतो, का बसवतात आणि त्यासाठी आणखी काय काय बदलावे लागते, हे एका गाडीच्या उदाहरणावरून पाहू.

ही गाडी इंग्लंडातली आहे. तिचे नाव एम. जी. बी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती, आणि या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. बैठी, दोन माणसांची, बेताच्या किमतीची अशी ही शर्यती धर्तीची गाडी. तिला वेगळी चासी नाही; पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. एंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ घन सेंटिमीटरचे, बिडाचे, ९५ अश्वशक्तीचे. मागचा आस अखंड, आणि त्याला आपल्या ट्रकला असतात तसे पाटे.

या एंजिनाचे घराणे आपल्याला परके नाही. पुष्कळ वर्षे ज्या ॲम्बॅसडर गाडीतून आपले मामलेदार, डॉक्टर आणि लग्नाची वऱ्हाडे फिरली, तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन याच घराण्यातले होते. टिकाऊ, साधे, खेड्यातल्या मिस्त्रीलाही उघडता येईल असे. पण शर्यती धर्तीच्या गाडीत बसणाऱ्याला टिकाऊपणा पुरत नाही. त्याला चढ सहज चढायला हवा असतो, आणि पुढची गाडी मागे टाकताना एंजिनाने कुरकुर करू नये असे वाटते. म्हणून मोठ्या एंजिनाची कल्पना निघाली.

पहिला प्रयत्न खुद्द कारखान्याने केला. १९६७ साली याच अंगात २९१२ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन बसवून एम. जी. सी. नावाची गाडी काढली. अश्वशक्ती १४५ झाली. पण हे एंजिन बिडाचे, लांब आणि फार जड. जुन्यापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जास्त वजन पुढच्या चाकांवर आले. एंजिनाला जागा करण्यासाठी पुढच्या चाकांची सगळी रचना बदलावी लागली. गाडी सरळ रस्त्यावर छान पळे, पण वळणावर नाक जड लागे. परीक्षकांनी नावे ठेवली, आणि सुमारे नऊ हजार गाड्या काढून १९६९ साली कारखान्याने ती बंद केली. नुसती ताकद वाढवून भागत नाही, ती कोठे आणि किती वजनाने येते हेही पाहावे लागते, हा धडा येथे मिळाला.

आता दुसरा प्रयत्न, आणि तो जास्त मनोरंजक आहे. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९६१ साली एक आठ सिलिंडरांचे एंजिन काढले. चार सिलिंडर एका ओळीत, चार दुसऱ्या ओळीत, आणि दोन्ही ओळी एकमेकींकडे कललेल्या. म्हणून त्याला व्ही-आठ म्हणतात. त्याचे वैशिष्ट्य असे, की ते बिडाचे नसून ॲल्युमिनियमचे होते. ओतकाम खर्चाचे पडू लागले म्हणून ब्यूइकने १९६३ मध्ये ते सोडून दिले. इंग्लंडातल्या रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत गेले असता बोटींची एंजिने करणाऱ्या एका कारखान्यात त्यांच्या दृष्टीस हे टाकलेले एंजिन पडले. १९६५ साली रोव्हरने त्याचे हक्क घेतले. १९६७ पासून ते रोव्हरच्या गाड्यांत आणि १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये बसू लागले. एकाने टाकलेली वस्तू दुसऱ्याने उचलली, आणि पुढे तीसपेक्षा जास्त वर्षे ती चालली.

या एंजिनाचे माप ३५२८ घन सेंटिमीटर, म्हणजे एम. जी. बी. च्या जवळजवळ दुप्पट. पण ॲल्युमिनियममुळे त्याचे वजन त्या बिडाच्या चार सिलिंडरवाल्यापेक्षा जास्त नाही. उलट थोडे कमीच भरते. लांबीलाही ते आखूड. केन कॉस्टेलो नावाच्या एका इंग्रज शर्यतपटूने हे हेरले, आणि १९७० च्या सुमारास आपल्या कारखान्यात एम. जी. बी. मध्ये रोव्हरचे हे एंजिन बसवून विकायला सुरुवात केली. त्याच्या गाडीचा बोभाटा झाला, तेव्हा मूळ कंपनीने त्याच्याकडूनच एक गाडी नमुन्यादाखल करून घेतली. ऑगस्ट १९७३ मध्ये कारखान्याची स्वतःची एम. जी. बी. जी. टी. व्ही-आठ बाजारात आली. पण दोनच महिन्यांनी अरब-इस्राएल युद्ध पेटले, तेलाचे भाव कडाडले, आणि मोठ्या एंजिनाच्या गाडीकडे लोक बिचकून पाहू लागले. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या निघाल्या आणि तो कारभार आटोपला. तेव्हापासून आजवर हौशी लोक आणि छोटे कारखाने जुन्या एम. जी. बी. घेऊन हे काम करत आले आहेत.

आता शिक्षक बंधुभगिनींनी थोडा खडू हातात घ्यावा, कारण येथे गणित आहे. एंजिन चाकाला जो पीळ देते, त्याला पुस्तकात परिबल म्हणतात. मूळ एंजिनाचा जास्तीत जास्त पीळ ११० पौंड-फूट. कारखान्याच्या व्ही-आठचा १९३. म्हणजे पावणेदोन पट. अश्वशक्ती मात्र ९५ वरून १३७, म्हणजे दीडपटीच्या आतच. चालवणाऱ्याच्या पाठीला जाणवतो तो हा पीळ.

पीळ वाढला म्हणजे दंतचक्रांचे प्रमाण बदलता येते. मूळ गाडीत मागच्या आसाचे प्रमाण ३.९०९ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रॉपेलर शाफ्टचे जवळजवळ चार फेरे. व्ही-आठमध्ये ते ३.०७ केले. आता थेट गिअरमध्ये चाकापर्यंत पोचणारा पीळ काढा. ११० गुणिले ३.९०९ म्हणजे ४३०. १९३ गुणिले ३.०७ म्हणजे ५९२. आसाचे प्रमाण कमी करूनही चाकाला सव्वापटीहून जास्त जोर मिळाला, आणि एंजिनाला फेरे मात्र कमी मारावे लागले. ताशी ११० किलोमीटरला मूळ गाडीचे एंजिन चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला सुमारे ३८०० फेरे घेते. व्ही-आठला वरचा पाचवा गिअर मिळाला, तर तेवढ्याच वेगाला सुमारे २४०० फेरे पुरतात. आवाज कमी, झीज कमी. मोठे एंजिन म्हणजे सदा धावपळ, असे नाही. पुष्कळदा ते निवांत चालते.

पण गिअरबॉक्सचे काय? जुना गिअरबॉक्स चार गिअरांचा, मूळच्या एंजिनाच्या जोराच्या हिशेबाने केलेला. त्याच्या मागे ओव्हरड्राइव्ह नावाचे एक जादा यंत्र असे. ते लावले की चाक तेवढेच फिरूनही एंजिनाचे फेरे कमी होत. चार सिलिंडरांच्या गाडीत ते तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला लागे. व्ही-आठमध्ये कारखान्याने ते फक्त चौथ्याला ठेवले. कारण तिसऱ्या गिअरमध्ये गिअरबॉक्स पीळ आणखी वाढवून पुढे देतो, आणि तो वाढलेला पीळ त्या यंत्राला झेपण्यासारखा नव्हता. आजचे हौशी म्हणूनच जुना गिअरबॉक्स बाजूला ठेवतात आणि पाच गिअरांचा बसवतात. रोव्हरने १९७६ साली काढलेल्या एस. डी. वन गाडीचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स त्यासाठी पुष्कळ वापरला गेला, कारण तो याच एंजिनाला जोडण्यासाठी केलेला होता. १९९२ साली कंपनीनेही जुन्याच घाटाच्या अंगात ३.९ लिटरचे व्ही-आठ आणि पाच गिअर घालून आर. व्ही-आठ नावाची गाडी काढली, आणि त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या.

गिअरबॉक्स बदलला म्हणजे काम संपले असे समजू नये. तो लांबीरुंदीला वेगळा असतो, म्हणून त्याचा आडवा आधार नवा करावा लागतो आणि मधल्या पत्र्याच्या बोगद्यात जागा काढावी लागते. प्रॉपेलर शाफ्ट मापाने कापून, नीट तोलून घ्यावा लागतो. तोलात चूक राहिली तर वेगात सारी गाडी थरथरते. क्लच मोठा लागतो. वेगमापकाचे प्रमाण बदलते; ते दुरुस्त केले नाही, तर काटा खोटे बोलतो.

मग उष्णता. जास्त पेट्रोल जळले की जास्त उष्णता निघते, आणि ती बाहेर टाकायला मोठा रेडिएटर, विजेचे पंखे आणि धुराच्या नळ्यांना मोकळी वाट हवी. एम. जी. बी. च्या अरुंद बोनेटखाली खरी अडचण याच नळ्यांची होते. त्या स्टिअरिंगच्या दांड्याला आणि आतल्या पत्र्याला खेटतात. म्हणून पुष्कळ मिस्त्री त्या पत्र्याला भोके पाडून, नळ्या चाकांच्या बाजूने काढतात.

शेवटी सांगतो, पण महत्त्वाने पहिले ते ब्रेक. मूळ गाडी ताशी १६० किलोमीटरच्या आसपास जाई. व्ही-आठ २०० ला पोचली. वेग सव्वापट झाला, तर गाडी थांबवताना ब्रेकने जिरवायची ऊर्जा सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे दीडपटीहून जास्त होते. कारखान्याने म्हणून पुढच्या चाकांच्या डिस्क जाड केल्या. जो माणूस एंजिन बदलतो आणि ब्रेक, टायर व पाटे जुनेच ठेवतो, तो स्वतःच्याच नव्हे, समोरून सायकलवर येणाऱ्या शाळकरी पोराच्याही जिवाशी खेळतो.

आपल्याकडेही याचा दाखला आहे. १९९० नंतरच्या दशकात ॲम्बॅसडरला इसुझूचे १८०० चे एंजिन आणि पाच गिअरांचा गिअरबॉक्स कारखान्यातच मिळाला. अंग जुने, काळीज नवे. ते काम कारखान्याचे होते आणि कागदावर नोंदलेले होते. घरच्या घरी असे करणाऱ्याने मात्र जपावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलण्यासारख्या ज्या सवलती आहेत, त्यांच्याही अटी आहेत. विम्याचा प्रश्न वेगळाच.

एक वाद उरतो. जुनी वस्तू जशीच्या तशी जपावी, की वापरता येईल अशी करावी? दोन्ही बाजूंना अर्थ आहे. मूळ रूपात उरलेल्या गाड्या दरसाल कमीच होणार, आणि त्यांतून त्या काळच्या कारागिराचे डोके आपल्याला वाचता येते. पण अंगणात गंजत पडलेली गाडी कोणालाच काही शिकवत नाही. म्हणून शहाणे लोक मधला मार्ग काढतात. जी गाडी आधीच मोडकळीस आली आहे, जिचे मूळ एंजिन गेले आहे, तीच या कामाला घेतात. पत्रा शक्य तितका कमी कापतात. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून फळीवर ठेवतात, म्हणजे पुढच्या मालकाला वाटले तर गाडी पूर्ववत करता येईल.

विहिरीवर मोठा पंप बसवताना आपण आधी विहिरीचे पाणी, पाइपाची जाडी आणि तारेची ताकद पाहतो. मोटारीचेही तेच आहे. एंजिन घ्यायला बाजारात जाण्यापूर्वी कागद घ्यावा आणि एंजिनापासून चाकापर्यंत पीळ ज्या ज्या भागातून जातो, त्या प्रत्येकाचे नाव क्रमाने लिहावे. खाली ब्रेक आणि रेडिएटर लिहावे. प्रत्येकापुढे, याला हा भार झेपेल का, याचे उत्तर मांडावे. जेथे उत्तर नाही असे येईल, त्या भागाचा खर्च आधी धरावा. शाळेतल्या मुलांकडून ही यादी करून घेतली, तर यंत्रशास्त्राचा एक चांगला धडा फुकटात होईल.